स्वस्त स्कॉच पारखायची कशी

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी वाईन शॉपमध्ये काउंटरच्या मागच्या मधल्या फळीवर चार-पाच नावं हमखास दिसतात : टीचर्स, हंड्रेड पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक अँड व्हाइट. वरच्या फळीवर सिंगल माल्ट असतात, त्यांच्या किमती वाचून बहुतेक लोक नुसतेच 'अरे वा' म्हणतात. खालच्या फळीवरच्या देशी व्हिस्कीचं गिऱ्हाईक नाव सांगतं, पैसे टाकतं आणि दोन मिनिटांत चालू पडतं. घुटमळतो तो मधल्या फळीपुढचा माणूस. त्याला स्कॉच तर हवी असते, पण खिसा फार हलका करायचा नसतो. विचारायला जावं तर काउंटरवरचा पोऱ्या 'सगळ्या सारख्याच आहेत साहेब, ही जरा जास्त जाते' एवढंच सांगतो. सगळ्या सारख्या नाहीत. फरक आहेत, आणि थोडा वेळ दिला तर ते घरच्या टेबलावर ओळखता येतात.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात पंचविशीच्या आत व्हिस्की पिता येत नाही. पंचविशीनंतरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो : विदेशी मद्याचा एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आयुष्यभराचा हजाराला. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते याच परवान्यापायी.

आता बाटली हातात घ्या आणि पुढचं लेबल सोडून मागचं वाचा. पुढे कुत्री, गलबतं, राजमुद्रा आणि सोनेरी अक्षरं असतात, कामाचा मजकूर मागे बारीक टायपात असतो. 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' असे शब्द सलग आहेत का, हे पहिलं बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्कींवर 'स्कॉच माल्ट मिसळलेली' अशा अर्थाची ओळ असते. ती स्कॉच नव्हे. त्यात मुख्य भाग इथल्या मळीच्या किंवा धान्याच्या स्पिरिटचा असतो आणि वासाला, चवीला थोडी स्कॉच माल्ट घातलेली असते. उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटला युरोपात आणि ब्रिटनमध्ये व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. आपल्या साखरपट्ट्याला हे थोडं झोंबणारं आहे, पण नियम तसा आहे खरा.

स्कॉचचा स्वतःचा नियम २००९ चा आहे आणि कडक आहे. दारू स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी, सातशे लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात तिथेच किमान तीन वर्षं मुरलेली हवी, बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांहून कमी नको. वरून घालायला परवानगी फक्त दोन गोष्टींना : पाणी आणि साधा कॅरॅमल रंग. बाटलीवर '१२ वर्षं' असं लिहिलं असेल तर तो आकडा आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो, सरासरी वयाचा नाही. आपल्या मधल्या फळीवर असा आकडा सहसा नसतो. म्हणजे आत तीन वर्षांची आहे, चार-पाच वर्षांचीही असेल, एवढंच समजायचं.

दुसरी ओळ 'भारतात बाटलीबंद' अशा अर्थाची. ती वाचून अनेकांचं तोंड पडतं. ही डुप्लिकेट किंवा हलकी स्कॉच असणार, असं वाटतं. तसं काही नाही. स्कॉटलंडमध्ये गाळून, मुरवून, मिसळून तयार झालेली व्हिस्की जास्त तीव्रतेची असतानाच मोठ्या टाक्यांमधून इथे येते, इथे क्षारमुक्त पाणी घालून तिची तीव्रता खाली आणतात आणि बाटल्या भरतात. सिंगल माल्टला ही मुभा नाही. २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. ब्लेंडला मात्र मुभा आहे आणि स्वस्ताईचं खरं कारण तिथे आहे. आयात स्कॉचवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं. हे शुल्क मालाच्या बंदरावरच्या किमतीवर मोजतात. टाकीतल्या मालाच्या किमतीत काच, बूच, खोकं, नक्षीदार लेबल यांतलं काहीच नसतं, म्हणून पाया लहान आणि दीडपटही लहान. भरून आलेल्या बाटलीवर त्या नक्षीचंही दीडपट आपण भरतो.

ही दरी हळूहळू बुजते आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये भरून येणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा वरच्या फळीवरच्या बाटल्या एका झटक्यात बऱ्याच उतरल्या. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात सीमाशुल्क १५० वरून ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं आहे. म्हणजे पुढच्या काळात मधल्या फळीपुढे घुटमळणं वाढणारच.

लेबलवर आणखी एक आकडा आहे : ४२.८ टक्के. लंडनच्या दुकानातल्या साध्या ब्लेंडवर ४० असतं, इथे भरलेल्या बाटलीवर ४२.८. जुन्या ब्रिटिश मापात शंभर प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे पंचाहत्तर टक्के काढले की ४२.८ येतात. ब्रिटनने ते माप कधीच सोडलं, आपण अजून धरून आहोत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा फायदाच आहे. जवळजवळ तीन टक्के अल्कोहोल जास्त म्हणजे वास धरून ठेवणारा मालही किंचित जास्त, शिवाय पाणी घालून खेळायला जागा जास्त.

आत काय आहे ते कळल्याशिवाय पारख करता येत नाही, म्हणून थोडं भट्टीत जाऊ. ब्लेंडेड स्कॉचमध्ये दोन प्रकारच्या व्हिस्की असतात. एक माल्ट : मोड आणून वाळवलेल्या सातूची, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळलेली. ही जड, वासाची, हट्टी. दुसरी ग्रेन : आज बहुतांशी गव्हाची, उंच स्तंभासारख्या यंत्रातून अखंड गाळलेली. ते यंत्र ईनियस कॉफी या आयर्लंडमधल्या माजी अबकारी अधिकाऱ्याने १८३० मध्ये पेटंट करून घेतलं. त्यातून निघणारी दारू ९४ टक्क्यांपर्यंत शुद्ध असू शकते, म्हणून ती हलकी, गोडसर आणि मुख्य म्हणजे स्वस्त. साध्या ब्लेंडमध्ये ग्रेनचा वाटा निम्म्याहून चांगलाच वर असतो. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरने १८५३ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माल्ट एकत्र करून विकायला सुरुवात केली. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन शुल्क भरण्याआधीच गोदामात मिसळायची सोय झाली आणि धंदा उभा राहिला.

तो सुखासुखी उभा राहिला नाही. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात काही दारूविक्रेत्यांवर खटले भरले गेले. आरोप असा, की तुम्ही ग्रेन घातलेलं हे मिश्रण 'व्हिस्की' म्हणून खपवता, ही फसवणूक आहे. शेवटी शाही आयोग बसला आणि १९०९ मध्ये त्याने ग्रेनही व्हिस्कीच, असा निर्वाळा दिला. आज सिंगल माल्टवाले ब्लेंडकडे नाक मुरडतात तेव्हा हा जुना खटला नव्याने चालल्यासारखा वाटतो. माझं मत सरळ आहे : ब्लेंडला माल्टच्या फूटपट्टीने मोजणं चूक आहे. एका भट्टीचा स्वभाव ठळक दाखवणं हे माल्टचं काम. ब्लेंड करणाऱ्याचं काम वेगळं आहे. डझनावारी भट्ट्यांचा माल घेऊन वर्षानुवर्षं तीच चव द्यायची, आणि ती अशी, की स्वस्त ग्रेन तिच्यात उघडी पडू नये. आपल्याला पारखायचं आहे ते हे झाकण्याचं कौशल्य.

तयारीला फार काही लागत नाही. व्हिस्की पारखायचा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लेनकेर्न ग्लास २००१ मध्ये बाजारात आला. तो नसेल तर तोंडाला निमुळता होणारा छोटा वाईन ग्लास घ्या. बुडाशी रुंद आणि वर अरुंद, एवढंच पाहिजे, म्हणजे वास आत कोंडून राहतो. आपला नेहमीचा सरळसोट जाड बुडाचा ग्लास दिसायला रुबाबदार, पण वास चहूकडे सांडतो.

पाणी हा पुण्यातला खरा प्रश्न. खडकवासल्याहून येणारं पाणी चवीला चांगलं, पण नळातून काही वेळा क्लोरीनचा उग्र दर्प येतो, आणि तो व्हिस्कीतल्या नाजूक वासांवर सरळ पाय देतो. हे पाणी उकळा आणि उघड्या भांड्यात गार होऊ द्या. वाघोली-बाणेरकडच्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर ते नकोच, फिल्टरचं घ्या. ओठाला लावून बघितल्यावर ज्याची काहीच चव कळत नाही, ते पाणी बरोबर.

मग तापमान. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या खोलीत पारा तिशीच्या वर असतो. अशा वेळी पेल्यातून अल्कोहोलची वाफच नाकाला आधी झोंबते आणि बाटलीला उगाच 'जाळते' अशी शिवी मिळते. वीस अंशांच्या आसपास हे काम नीट होतं. डिसेंबरच्या संध्याकाळी काहीच करावं लागत नाही, उन्हाळ्यात बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवली तरी पुरतं. बर्फ मात्र पारख होईपर्यंत नको. बर्फाने दोष आणि गुण दोन्ही झोपतात.

चकणाही नको. मसाला पापडावरच्या कांदा-मिरचीनंतर जिभेला पुढची दहा मिनिटं काहीही विचारू नये. मधे तोंड साफ करायला कोरड्या पोळीचा तुकडा पुरतो. त्या दिवशी अत्तर, उदबत्ती, फोडणी यांपासून लांबची खोली शोधा.

तीस मिलीचा एक छोटा पेग दोन पेल्यांत अर्धा-अर्धा ओता. संध्याकाळचं सगळं भांडवल एवढंच. तीस मिलीत सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, जास्त घेतलं तर नाक आणि मत दोन्ही ढिले पडतात. गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी पारखूच नये. रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅम ही कायद्याची हद्द आहे आणि ती वाटते त्याहून लवकर गाठली जाते.

रंगाकडे बघा आणि सोडून द्या. गडद म्हणजे जुनी, ही समजूत कॅरॅमलने केव्हाच मोडून टाकली आहे. पेला फिरवल्यावर काचेवरून उतरणाऱ्या रेघांचंही फार कौतुक नको. त्या बऱ्याच अंशी अल्कोहोलचं प्रमाण सांगतात.

पहिला पेला तसाच, पाण्याशिवाय. नाक पेल्यात खुपसू नका. हनुवटीच्या पातळीवर धरून हळूहळू वर आणा आणि तोंड किंचित उघडं ठेवा, त्याने झोंबणं बरंच कमी होतं. पहिल्या दमात फक्त स्पिरिट कळतं, ते जाऊ द्या. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. आता जे येतं त्याला नाव द्यायचा प्रयत्न करा, आणि नाव आपल्या घरातलं द्या. स्कॉटिश लोक 'हेदरचा मध' लिहितात. आपण हेदर पाहिलेलं नाही, तर ते लिहून काय उपयोग. साध्या ब्लेंडमध्ये सहसा सापडणारे वास मराठी घरात सगळे आहेत. पिकलेलं केळं, कापून ठेवलेलं सफरचंद : ही एस्टर नावाच्या संयुगांची कामगिरी, आंबवण्याच्या टप्प्यातच तयार होते. कस्टर्डसारखा व्हॅनिलाचा वास ओकच्या लाकडातून उतरतो, सुक्या खोबऱ्याचा हलका वासही ओकचाच, बहुधा अमेरिकन ओकच्या पिंपाचा. सातूचं भाजलेलं पीठ किंवा हॉर्लिक्सची बरणी उघडल्यावर येणारा वास म्हणजे माल्ट. धूर असेल तर तो पीट नावाच्या दलदलीतल्या मातीचा. सातू वाळवताना ती जाळतात आणि धुरातली फिनॉल संयुगं दाण्यात शिरतात. हलका असेल तर विझलेल्या चुलीची आठवण होते, तीव्र असेल तर दवाखान्यातल्या टिंक्चरची.

आता दुसरा पेला, ज्यात मिश्रण करणारे तज्ज्ञ करतात तसंच करायचं आहे. ते दिवसाकाठी ढीगभर नमुने तपासतात, बहुतेक फक्त नाकाने, आणि नमुना पाणी घालून सुमारे वीस टक्क्यांवर आणतात. आपलं गणित सोपं आहे : ४२.८ टक्क्यांच्या पंधरा मिलीत सतरा मिली पाणी घातलं की वीस टक्के होतं. चमच्याने मोजा, तीन छोटे चमचे आणि वर थोडं.

पाण्याने वास खुलतो हा बारमधला समज खरा आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंचं वागणं मांडून पाहिलं. धुराच्या वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये प्रामुख्याने पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या वाटेवर राहतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो खाली ओढला जातो. मात्र पाण्यालाही मर्यादा आहे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२३ च्या अभ्यासात मिश्रणात पाणी वीस टक्क्यांहून जास्त झालं की एकाच जातीच्या व्हिस्की वासावरून एकमेकींपासून वेगळ्या काढणं पारख्यांना जड गेलं. मग तज्ज्ञ एवढं पाणी का घालतात? कारण ते मुख्यतः दोष शोधत असतात, आणि अल्कोहोलचा पडदा बाजूला झाला की दोषांना लपायला जागा राहत नाही. म्हणूनच दोन पेले : गुणांसाठी पहिला, त्यात नंतर चार-सहा थेंबच पाणी. दोषांसाठी दुसरा.

दुसऱ्या पेल्यात काय शोधायचं ते सांगतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर गाळताना सुरुवातीचा तिखट भाग नीट वेगळा केलेला नाही किंवा ग्रेन फारच कोवळी आहे. घामट मोजे, शिळं चीज, ओलं चामडं अशा दिशेने गेला तर शेवटचा जड भाग आत आलाय. विझलेल्या काडीचा किंवा रबराचा वास गंधकाचा, थोडा चालतो, जास्त खटकतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर लाकूड थकलेलं आहे : तेच पिंप तिसऱ्या-चौथ्यांदा भरलं की ते द्यायचं ते देऊन बसलेलं असतं, आणि स्वस्त ब्लेंडच्या वाट्याला अशी पिंपं जास्त येतात. यातलं काहीच न सापडणं, नुसता गोडसर, सपाट, नावगाव नसलेला वास येणं, हाही एक निकालच आहे. त्या बाटलीत ग्रेनने माल्टला गिळलं आहे.

मग चव. पहिल्या पेल्यातला अर्धा चमचाभर घोट घ्या आणि गिळायची घाई करू नका, पाच-सात सेकंद जिभेवर सगळीकडे फिरू द्या. तीन ठिकाणी लक्ष ठेवा. सुरुवात जवळजवळ सगळ्यांचीच गोड असते, त्यावर भाळू नका. खरी परीक्षा मध्यावर आहे. स्वस्त ब्लेंड बहुधा तिथे मोकळी पडते : आत्ता काहीतरी होतं, आता नुसतं कोमट पाणी आणि जळजळ. चांगल्या ब्लेंडमध्ये या जागी माल्ट उभी राहते, घोटाला अंग येतं. शेवटी गिळल्यानंतर घड्याळाकडे बघा. चव दहा सेकंदांत पुसली जाते, की अर्ध्या मिनिटानंतरही धूर, मध, लाकूड असं काही रेंगाळतं? आणि रेंगाळतं ते हवंसं आहे की कडू? करपलेल्या साखरेसारखा कडवटपणा जिभेच्या मुळाशी चिकटून राहिला तर तो दोष धरा.

या कसोट्यांवर आपल्या फळीचा हिशेब मला असा लागतो. टीचर्स हायलंड क्रीम या किमतीत सगळ्यात बोलकी. तिच्या पोटात आर्डमोर या भट्टीची धुरकट माल्ट आहे. ही भट्टी टीचर कुटुंबातल्या अॅडमने १८९८ मध्ये खास याच मिश्रणासाठी बांधायला घेतली. तो धूर मध्यावरची पोकळी भरून काढतो. पण कोवळेपणाही लपत नाही, पाण्याशिवाय ती जरा अंगावर येते. ब्लॅक अँड व्हाइट जेम्स ब्युकॅननची. काळं आणि पांढरं अशी दोन टेरियर कुत्री तिची खूण. ती हलकी, व्हॅनिलाकडे झुकणारी, धुराची फक्त चाहूल. व्हॅट ६९ ची गोष्ट चवीपेक्षा रंजक आहे : विल्यम सँडरसनने १८८२ मध्ये शंभर वेगवेगळी मिश्रणं तयार करून जाणकारांपुढे ठेवली आणि एकोणसत्तराव्या नंबरच्या पिंपातली निवडली गेली. आजची बाटली गोड, सौम्य आणि माझ्या मते मध्यावर जरा पोकळ. हंड्रेड पायपर्स दोषरहित आहे, पण तिच्याबद्दल दुसरं वाक्य सुचत नाही. तुमचा हिशेब वेगळा येऊ शकतो. मात्र तो बाटली झाकून लावलेला असावा.

कारण नाव दिसलं की जीभ खोटं बोलते. यावर धंद्यात एक साधी चाचणी वापरतात आणि ती घरी जशीच्या तशी जमते. समजा टीचर्स आणि तिच्याहून पाचशे-सातशे रुपयांनी महाग अशी एक बाटली तुमच्यापुढे आहे, आणि हे जादा पैसे कशाचे ते कळायचं आहे. घरातल्या कुणालातरी सांगा, तीन सारखे पेले घे, दोघांत एक ओत, तिसऱ्यात दुसरी, बुडाला पेनाने खूण कर आणि मला बाहेर पाठव. तुम्ही आत यायचं आणि वेगळा पेला कोणता ते फक्त वासावरून सांगायचं. पिऊ नका, म्हणजे तेच पेले जागा बदलून पुन्हा पुन्हा मांडता येतात आणि डोकंही ठिकाणावर राहतं. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनातून एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. पाच फेऱ्या करा. पाचपैकी चार किंवा पाच वेळा बरोबर आलात तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असण्याची शक्यता शंभरात पाचांहूनही कमी. दोन-तीनदाच जमलं तर निदान तुमच्या नाकापुरते ते पाचशे रुपये लेबलात आणि खोक्यात गेले. ही चाचणी मित्रांच्या बैठकीत सुरू केली की सिंगल माल्टवर व्याख्यान देणारा पहिल्या फेरीनंतर अचानक फोन घ्यायला गॅलरीत जातो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

एवढं झाल्यावर शेवटची कसोटी, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे : सोडा. व्हिस्कीत सोडा घालणं म्हणजे अडाणीपणा, असं अलीकडे ऐकू येतं. इतिहास उलट सांगतो. ब्लेंडेड स्कॉच साम्राज्यभर पसरली ती सोड्याच्या सोबतीने, आणि उष्ण हवेतल्या छावण्या हे तिचं मोठं गिऱ्हाईक. पुणे कॅम्पातल्या शरबतवाला चौकातला अर्देशीरचा सोडा १८८४ चा. त्याच वर्षी टीचर्स हायलंड क्रीम हे नाव नोंदलं गेलं आणि त्याच वर्षी ब्युकॅननने लंडनला आपला धंदा थाटला. हा योगायोगच, पण कॅम्पात बसून व्हिस्की-सोडा घेणाऱ्याने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही एवढं त्यातून नक्की दिसतं. ही पेयं एकमेकांसाठीच जुळवलेली होती.

तेव्हा बाटली जशी एरवी प्यायची आहे तशीच शेवटी तपासा. एक भाग व्हिस्की, दोन-अडीच भाग गार सोडा. सोडा आधी नुसता चाखून बघा. काही सोडे खारट असतात आणि तो खारटपणा व्हिस्कीच्या खात्यात जातो. आता मसाला पापड चालेल, शेंगदाणे चालतील, कारण प्रश्न बदलला आहे : एवढ्या गर्दीत ही व्हिस्की ऐकू येते का? इथे गंमत होते. नुसती घेताना अंगावर येणारी धुरकट टीचर्स सोड्यात आपलं म्हणणं सोडत नाही, तर नुसती घेताना गुळगुळीत वाटणाऱ्या हलक्या ब्लेंडचा चौथ्या घोटाला पत्ता नसतो. वर्षातले बहुतेक दिवस सोडाच घालणार असाल तर गुळगुळीतपणाचे जादा पैसे देऊ नका. आणि गप्पा मारायला बसलेल्यांना मधे मधे लुडबुड न करणारं काहीतरी हवं असेल, तर हंड्रेड पायपर्सचा तो नाव नसलेला सभ्यपणाच कामाला येतो.

पेले लगेच विसळू नका. रिकामा पेला तसाच रात्रभर ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, मागे लाकूड, धूर आणि कॅरॅमल राहतं. चांगल्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीच्या पेल्याला सकाळीही मधाचा, लाकडाचा वास असतो. वाईट असेल तर ओल्या फडक्याचा.

जे सापडलं ते चार ओळींत लिहून ठेवा : तारीख, बाटली, वास, मध्य, शेवट, सोड्यात कशी. एका पेगला किती पडली तेही लिहा. साडेसातशे मिलीच्या खंब्यात तीसचे पंचवीस पेग होतात, छापील किमतीला पंचविसाने भागलं की झालं. बाटल्यांची तुलना या आकड्यावर केली की शेकड्यांत दिसणारा फरक पेगामागे पंधरा-वीस रुपयांवर येतो, आणि मग तो द्यायचा की नाही हे शांतपणे ठरवता येतं.

उरलेली बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली की तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. उन्हात आणि स्वयंपाकघरात नको. निम्म्याच्या खाली गेली की आतली हवा वास मंदावते, म्हणून तळाचं वर्षानुवर्षं जपून ठेवण्यात अर्थ नाही. आणि रिकामी झाली की रद्दीवाल्याच्या पोत्यात तशीच टाकू नका. शाबूत लेबल, शाबूत झाकण आणि खोक्यासकट गेलेली बाटली पुन्हा भरून विकणारे लोक असतात. लेबल ओलं करून खरवडा, झाकण वेगळं करा, खोकं फाडा आणि मग द्या. नवी घेताना हेच उलट बघायचं : अबकारी खात्याचं होलोग्रामचं स्टिकर झाकणावर अखंड आहे का, आणि बिल मिळतंय का.